मिस्सा, ट्रेक, क्रोशा आणि अपराधीपणा

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू चोवीस वर्षांची, वसईची कॅथलिक मुलगी. अंधेरीला अकाउंट्समध्ये नोकरी. जाता-येता लोकलमध्ये क्रोशा विणतेस, पावसाळ्यात ऑफिसच्या ग्रुपबरोबर ट्रेकला जातेस, रात्री कोरियन मालिका बघतेस, रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेत, गायकवृंदात गातेस. ईस्टरआधीच्या उपवासकाळात एका रिट्रीटला, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिराला, गेलीस. तिथल्या वक्त्यांनी सांगितलं की देवासाठी नसलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे मूर्ती, देवाच्या जागी बसवलेली वस्तू. घरी येऊन लोकर माळ्यावर टाकलीस, मालिकांचं ॲप काढून टाकलंस, पहिल्या पावसाचा ट्रेक नाकारलास. जुलैपर्यंत सगळं परत आलं आणि या वेळी सोबत अपराधीपणाही आला. आई म्हणते, "ट्रेकला पहाटे तीनला उठतेस, मिस्सेला साडेसातला डोळे उघडत नाहीत." आणि तू विचारतेस: मिस्सेत कंटाळा येतो, डोंगरावर देव जवळ वाटतो, मग माझी श्रद्धा खोटी आहे का? छंद सोडू का? शिवाय जाता जाता, ऑफिसातल्या गरब्याला जाऊ का?

छंद सोडू नकोस. श्रद्धा खोटी नाही. एवढं सांगून थांबता आलं असतं, पण असं कुणीतरी तुला आधीही सांगितलं असणार आणि त्याने फरक पडलेला दिसत नाही. म्हणून कारणांसकट लिहिते.

मी वसईतल्याच एका धर्मग्रामात दृढीकरण या संस्काराची तयारी करणाऱ्या मुलांना धर्मशिक्षण देते आणि युवा गटाबरोबर काम करते. बरीच वर्षं झाली, आता पहिल्या तुकड्यांतल्या विद्यार्थ्यांचीच मुलं वर्गात येऊ लागली आहेत. मी सिस्टर नाही, ईशज्ञानाची पदवी नाही. संसार आणि नोकरी सांभाळून केलेलं काम आहे. तुझ्यासारखा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, बहुतेक वेळा मुलीच विचारतात. मुलगे क्रिकेट खेळून मिस्सेला उशिरा येतात आणि मागच्या दारात उभे राहतात; त्यांना अपराधी वाटत असलं तरी ते कुणाला दिसत नाही. वयाने तू माझ्या भाचीएवढी आहेस, म्हणून अगं-तुगं करते.

तुझ्या प्रश्नात तीन-चार वेगळ्या गोष्टींचा गुंता झाला आहे. त्यातली सर्वांत सोपी आधी सोडवू.

रविवारच्या मिस्सेचा प्रश्न श्रद्धेचा नाही, वेळापत्रकाचा आहे. कॅथलिक माणसाला रविवारची मिस्सा बंधनकारक आहे, त्यात मी सूट देणारी कोण? पण १९८३च्या कॅनन लॉमधला, म्हणजे चर्चच्या कायद्यातला, नियम १२४८ सांगतो की आदल्या दिवशी संध्याकाळची मिस्साही चालते, आणि ती कॅथलिक विधीनुसार कुठेही झालेली असली तरी चालते. आपल्याच धर्मग्रामात असायला हवी असं नाही. मुंबईचे ट्रेकवाले बहुतेक शनिवारी रात्री निघतात. तेव्हा शनिवारी संध्याकाळी अंधेरी, बांद्रा किंवा दादर, जिथे सोयीचं पडेल तिथल्या चर्चच्या फलकावरची वेळ बघ, पाठीवर सॅक असली तरी आत जा. लोक वळून बघतील, बघू देत. जमलंच नाही तर रविवारी परतल्यावर संध्याकाळची मिस्सा कुठे मिळते ते आधी शोधून ठेव. चिखलाचे बूट घेऊन शेवटच्या बाकावर बसलेली मुलं मला फार आवडतात.

त्याच्याच आधीचा नियम १२४७ लोक अर्धाच पाठ करतात. मिस्सेला जा, हा पहिला भाग सगळ्यांना माहीत असतो. पुढे असं आहे की उपासनेच्या आड येणारी, प्रभूच्या दिवसाच्या आनंदाच्या आड येणारी आणि मनाच्या व शरीराच्या योग्य विश्रांतीच्या आड येणारी कामं त्या दिवशी टाळावीत. म्हणजे रविवारचा आनंद आणि विश्रांती ही चर्चने नाइलाजाने चालवून घेतलेली गोष्ट नाही, ती नियमातच लिहिलेली आहे. तुझ्या आईला हे वाचून दाखवू नकोस, भांडण होईल. स्वतःसाठी लक्षात ठेव.

डोंगर आणि मिस्सा यांत निवड करावी लागते असं वाटणाऱ्यांना मी पिएर जॉर्जो फ्रासाती दाखवते. १९०१ मध्ये इटलीत तुरीनला जन्मलेला, बड्या वृत्तपत्रमालकाचा मुलगा. आल्प्स चढायचा, स्कीइंग करायचा, मित्रांचं एक टवाळ मंडळ चालवायचा, आणि खिशातले पैसे तुरीनच्या गरीब वस्त्यांत वाटून यायचा. रोज कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घेणारा माणूस. डोंगरावर जायचं असेल तर मिस्सा पहाटे उरकून निघायचा. १९२५ मध्ये चोविसाव्या वर्षी पोलिओने गेला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केलं. तुझ्याच वयाचा, दोराने कडा चढतानाचे फोटो असलेला संत आहे तो. त्याची डोंगराची आवड संतपदाच्या आड आली नाही.

(वाचणाऱ्यांत नगर, जालना, पुण्याकडचे प्रॉटेस्टंट असतील तर तुमच्याकडे शनिवार-रविवारचे नियम वेगळे आहेत. हा भाग तुमच्या पाळकांशी बोलून ठरवा. पुढचं बरंचसं लागू पडेल.)

आता रिट्रीटमधलं वाक्य. ते वक्ते नेमकं काय म्हणाले आणि तू काय ऐकलंस यात अंतर असू शकतं. तीन दिवस उपवास, गाणी, अश्रू आणि कमी झोप यानंतर प्रत्येक वाक्य दुप्पट जोरात लागतं. पण वाक्य तसंच असेल तर मला ते पटत नाही. 'देवासाठी नसलेलं सगळं मूर्ती' असं धरलं तर दुपारची झोप, शेजारणीशी गप्पा, बोंबलाच्या कालवणाची आवड, सगळंच काढून टाकावं लागेल. संत पौलाने करिंथच्या लोकांना लिहिलं ते याहून नेमकं आहे: मला सगळ्याची मोकळीक आहे, पण सगळंच हिताचं नसतं, मोकळीक आहे, पण मी कशाच्याही ताब्यात जाणार नाही. पौलाची कसोटी ताब्यात कोण आहे ही आहे. वस्तू तीच असते, एकीच्या हातात ती छंद असते आणि दुसरीला तीच ओढून नेत असते.

हे ओळखायचं कसं? मी युवा गटात जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याची गोष्ट सांगते, कारण ती अगदी वापरण्याजोगी आहे. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने वाचायला शौर्यकथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या, ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं होती. दिवसभर तो कधी एखाद्या सरदारकन्येसाठी पराक्रम गाजवायची स्वप्नं बघायचा, कधी संतांसारखं जगण्याची. बघताना दोन्ही स्वप्नं गोडच वाटायची. पण काही दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की पहिलं संपल्यावर मन कोरडं पडतं आणि दुसरं संपल्यावरही आनंद राहतो. त्याची सगळी विवेकाची शिकवण या निरीक्षणातून वाढली. गोष्ट चालू असताना काय वाटतं यावर फारसं ठरत नाही. ती संपल्यावर मनात काय उरतं ते बघायचं.

हे तुझ्यावर लावून बघ. ट्रेकहून आल्यावर पाय दुखतात, पण सोमवारी तू माणसांशी कशी वागतेस? क्रोशाचं तर मला विचारायचीही गरज वाटत नाही. विरार लोकलमध्ये विणता येतंय म्हणजे बसायला जागा मिळाली, हाच मुळात चमत्कार. मी त्या डब्यात वर्षानुवर्षं बघते आहे. सुई चालू असलेली बाई चौथ्या सीटवरून, म्हणजे तिघींच्या बाकावर चौथीने सरकून बसण्यावरून, भांडत नाही. शेजारची गुजराती काकू टाका विचारते, मिरारोडची एखादी मुलगी आपल्या आजीचा नमुना दाखवते. महिनाभर विणकाम बंद ठेवून तू डब्यात काय केलंस? बहुधा फोन बघितला असशील. म्हणजे देवासाठी मोकळा केलेला वेळ देवाकडे गेलाच नाही. 'सगळं सोडून द्या' या सल्ल्याचं बहुतेक वेळा हेच होतं.

मालिकांबद्दल मात्र मी एवढी उदार नाही. तू लिहिलंस की 'एक भाग' म्हणून सुरू होतं आणि दोन वाजतात. इथे कोरियाचा दोष नाही, कथेचाही नाही, त्या कथा बऱ्याचदा चांगल्या घरगुती असतात. दोष दोन वाजण्याचा आहे. सकाळी साडेसातच्या मिस्सेला डोळे उघडत नाहीत त्याचं कारण आई ट्रेकमध्ये शोधते आहे आणि मला ते शनिवारी रात्रीच्या फोनमध्ये दिसतं आहे. फ्रासातीबरोबरच त्याच दिवशी संत घोषित झालेला कार्लो आकुतिस कॉम्प्युटरवेडा मुलगा होता. २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्याच्याकडे प्लेस्टेशन होतं आणि त्याने स्वतःला आठवड्याला एक तासाची मर्यादा घातली होती. तो आकडा तू उचलू नकोस, तो त्याचा होता. उचलायचं ते हे की मर्यादा त्याने स्वतः घातली. माझा अनुभव सांगतो की ती दुपारी, डोकं जाग्यावर असताना ठरवावी लागते. रात्री साडेअकराला, भाग ऐन रंगात आलेला असताना ठरवलेली मर्यादा टिकत नाही. किती भाग ते तू ठरव, आणि शक्य असेल तर बहिणीबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर बघ. दोघींनी बघितलेल्या मालिकेवर दुसऱ्या दिवशी हसता येतं.

इथे एक गोष्ट तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती मला इथून दिसत नाही. अपराधीपणा अधूनमधून टोचत असेल तर वर लिहिलेलं पुरे आहे. पण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा कन्फेशनमध्ये, फादरांपुढच्या पापकबुलीत, सांगूनही माफ झाली की नाही अशी शंका राहत असेल, प्रत्येक हसण्यानंतर मन खात असेल, झोप उडत असेल, तर तो विषय छंदांचा नाही. इग्नेशियसलाही स्पेनमधल्याच मानरेसा गावी १५२२ मध्ये याच शंकेखोरपणाने ग्रासलं होतं, आधीच कबूल केलेली पापं तो परत परत कबूल करायचा. अशा वेळी दर वेळी नवे फादर आणि नवं रिट्रीट शोधणं थांबवावं, एकच फादर धरावे आणि ते 'पुरे' म्हणाले की पुरे मानावं. सोबत समुपदेशकाकडेही जावं. त्यात श्रद्धा कमी पडल्याचं काही नाही.

आता मला ज्यावर सर्वांत जास्त बोलायचं आहे तिथे येते. रिट्रीटवाल्यांपेक्षाही मला भीती वाटते ती तुझे छंद 'वाचवायला' येणाऱ्यांची.

तू युवा गटात हा प्रश्न काढलास तर कुणीतरी प्रेमाने सुचवेल: क्रोशा सोडू नकोस, फक्त रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या, पिशव्या विण. ट्रेकला जा, वर गेल्यावर प्रार्थनासभा घे. नाचायचं असेल तर स्तुतिगीतांवर नाच. फोन वापरायचा असेल तर रोज एक वचन टाक. दुसऱ्या बाजूने ऑफिसातली मैत्रीण म्हणेल, एवढं सुंदर विणतेस तर इन्स्टाग्रामवर पेज काढ, ऑर्डरी घे. एक तुझ्या छंदातून सुवार्ता काढू बघते, दुसरी पैसे. दोघींना एकच गोष्ट सहन होत नाही, की ही मुलगी काहीच कारण नसताना मजेत विणते आहे.

रोझरीच्या पिशव्या वाईट नाहीत, चर्चच्या जत्रेला त्या विकल्याही जातात. कुणाला पैशांची गरज असेल तर ऑर्डरी जरूर घ्याव्यात. पण छंदाला धर्माचं किंवा धंद्याचं ओळखपत्र लावल्याशिवाय तो कायदेशीर होत नाही, हे मला मान्य नाही. असं ओळखपत्र लावलेले छंद मी मरताना बघितले आहेत. सुरेख गिटार वाजवणाऱ्या एका मुलाला आम्ही सगळ्यांनी मिळून इतक्या प्रार्थनासभांना नेलं की घरी तो गिटार हातात घेईना. हातात घेतली की पुढच्या शुक्रवारचं काम आठवायचं.

बायबल या बाबतीत आपल्यापेक्षा मोकळं आहे. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेल नावाचा कारागीर येतो. देव म्हणतो, मी त्याला आपल्या आत्म्याने भरलं आहे, आणि कशासाठी, तर सोनं, चांदी, पितळ घडवायला, रत्नांना पैलू पाडायला, लाकूड कोरायला. आत्म्याने भरणं म्हटलं की आपल्याला प्रवचन आठवतं, इथे छिन्नी आहे. तू म्हणशील, तो तर देवाच्या मंडपासाठी घडवत होता. बरोबर. मग कानागावचं लग्न घे. तिथे येशूने खेड्यातल्या एका लग्नातला द्राक्षारस संपला म्हणून सहा दगडी रांजण पाण्याचा द्राक्षारस केला, एकेक रांजण दोन-तीन मणांचा. पाहुणे आधीच भरपूर प्यायलेले. त्या लग्नात त्याने प्रवचन दिल्याचं, हा प्रसंग सांगणाऱ्या संत योहानाने लिहिलेलं नाही. वसईची लग्नं बघितलेल्या माणसाला तो प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. आणखी एक, माझी आवडती जागा: जखऱ्या संदेष्टा पुन्हा वसलेल्या यरुशलेमचं चित्र काढतो, आठव्या अध्यायात. चौकांत काठी टेकून बसलेले म्हातारे-म्हाताऱ्या आणि खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेले रस्ते. देव परत आला याची खूण म्हणून त्याला एवढंच दाखवावंसं वाटलं.

चर्चच्या परंपरेतही हे आहे. तेराव्या शतकात चर्चचे मोठे धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी खेळ आणि विनोद यांवर अगदी रीतसर प्रश्न घालून विचार केला. त्यांचं म्हणणं असं की खेळण्यात सद्‍गुण असू शकतो. अतिरेक पाप ठरू शकतो. आणि पुढचं ऐक, मजेचा पूर्ण अभाव हाही दोष आहे, स्वतः कधी न हसणारा आणि दुसऱ्याच्या हसण्यावर विरजण घालणारा माणूस विवेकाविरुद्ध वागतो. तिथेच त्यांनी जुनी गोष्ट दिली आहे. संत योहान शिष्यांबरोबर खेळत बसलेला बघून काही जणांना ते खटकलं. त्यांच्यातल्या एकाकडे धनुष्य होतं. योहानाने त्याला एक बाण मारायला सांगितला, मग आणखी एक, मग आणखी. शेवटी विचारलं, असाच मारत राहू शकशील? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. योहान म्हणाला, मनाचंही तसंच आहे.

मराठीत श्रद्धेबद्दल लिहिणाऱ्या बायकांत लक्ष्मीबाई टिळकांएवढं हसवणारी बाई मला दुसरी माहीत नाही. नवऱ्याने धर्म बदलला, संसाराची धूळधाण झाली, स्वतः काही वर्षांनी ख्रिस्ती झाल्या, आणि हे सगळं सांगताना बाई स्वतःवर हसतात. त्यांची श्रद्धा त्यामुळे हलकी झाली असं मला कधी वाटलं नाही.

कंटाळ्याचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. डोंगरावर देव जवळ वाटतो हे खरं आहे, ते नाकारू नकोस. एकशे एकविसाव्या स्तोत्रातला माणूसही डोंगरांकडे डोळे लावतो, फक्त पुढच्याच ओळीत सांगतो की साहाय्य डोंगर घडवणाऱ्याकडून येतं. पण ट्रेक आणि मिस्सा यांची तुलना करताना एक फरक धर. ट्रेकची माणसं तू निवडलेली आहेस, हवा निवडलेली आहे, जमलं नाही तर पुढचा शनिवार आहे. मिस्सेत तू कुणालाही निवडलेलं नसतं. तुझ्या आईची निंदा करणारी बाई पुढच्या बाकावर असते, फादरांचं प्रवचन लांबतं, पंखा नेमका तुझ्या डोक्यावरचा बंद असतो, आणि तरी एकमेकांना शांती द्यायच्या वेळी त्या बाईकडे वळून हात जोडावे लागतात. मिस्सेचं अर्धं काम मला तिथेच दिसतं, आणि ते नेहमी छान वाटेलच असं नाही. छान वाटणं आणि विश्वास ठेवणं या गोष्टी कधी बरोबर येतात, कधी येत नाहीत.

शिवाय तू गायकवृंदात आहेस, हे तू ओळीभरात लिहून पुढे गेलीस. मला वाटतं कंटाळ्याचं मोठं कारण तिथे आहे. गायकवृंदातली माणसं मिस्सा ऐकत नाहीत. पहिलं वाचन चालू असताना स्तोत्राचा सूर शोधत असतात, प्रवचन चालू असताना अर्पणाच्या गाण्यावरून खाणाखुणा चालतात, कम्युनियन घेऊन आल्या आल्या पुढच्या गाण्याचं पान. किती रविवार तू नुसती बसून मिस्सा केलीस? गायकवृंद सोडू नकोस, महिन्यातला एक रविवार सुट्टी माग. दुसऱ्या वेळेच्या मिस्सेला जा, जिथे तुला कुणी ओळखत नाही. शनिवारी लोकलमध्ये रविवारचं शुभवर्तमान एकदा वाचून ठेव, पाच मिनिटंही लागत नाहीत. तरीही कंटाळा आला तर आला. पुष्कळ संतांना प्रार्थनेत वर्षानुवर्षं कोरडेपणा सोसावा लागला आहे.

आईबद्दल. आधी व्यवहाराचं: आई मिस्सेचं बोलते आहे, पण तिची काळजी मिस्सेचीच आहे याची मला खात्री नाही. लग्नाची मुलगी शनिवारी रात्री ऑफिसच्या मुलामुलींबरोबर कुठल्याशा किल्ल्याखाली मुक्कामाला जाते, हे वाडीतल्या आईला सरळ बोलता येत नाही, म्हणून ते मिस्सेच्या तोंडून येतं. बरोबर कोण आहे त्यांची नावं सांग, त्यांतल्या दोघींचे नंबर दे, एकदा त्या मैत्रिणींना घरी जेवायला बोलाव. मग मिस्सेवरची कुरकुर किती उरते ते बघ. माझ्या बघण्यात ती निम्म्याने कमी होते.

दुसरं असं की तुझ्या आईच्या पिढीला मजा माहीत नव्हती असं समजू नकोस. त्यांची मजा चर्च आणि वाडीच्या आतच होती, म्हणून तिला वेगळं नाव लागलं नाही. मे महिन्यात क्रूसापाशी रोझरी आणि मग अंगणात तासभर गप्पा. नाताळच्या आधी रात्र रात्र जागून केलेला गोठा, शेजारच्या वाडीपेक्षा आपला सरस व्हावा म्हणून. लग्नाआधी बायकांनी जमून म्हटलेली गाणी, सामवेदी घरांत ती त्यांच्या कादोडी बोलीत, त्यांतली काही अशी चावट की फादर आले की एकदम बंद. तुझी मजा गावाबाहेर, ऑफिसच्या आणि फोनच्या जगात गेली आहे, तिथे आईला शिरकाव नाही. ती जे 'देवापासून लांब' म्हणते त्यात 'माझ्यापासून लांब' किती आहे, हे तुझं तू ताडून बघ. क्रोशा तुला कुणी शिकवला? आईने किंवा मावशीने शिकवला असेल तर तिला एखादा जुना टाका विचारायला जा. त्या बायकांपैकी कित्येकींनी वेदीच्या आच्छादनाच्या लेस विणलेल्या आहेत, आणि विणताना भरपूर चहाड्याही केलेल्या आहेत.

राहिला गरबा. इथे दोन फादर दोन उत्तरं देतील, आणि दोन्हींना आधार आहे. पौलाने बाजारात मिळणारं मांस चौकशी न करता खा म्हटलं, आणि कुणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका असंही म्हटलं. ऑफिसच्या कँटीनमध्ये टेबलं सरकवून, लाउडस्पीकरवर सिनेमाची गाणी लावून नाचणं हा सहकाऱ्यांचा उत्सव आहे. घटस्थापना करून आरती होते ती त्यांची उपासना आहे, आणि ती त्यांच्या श्रद्धेने करण्याची गोष्ट आहे, गंमत म्हणून आपण त्यात भाग घेणं त्यांच्याही दृष्टीने बरं नाही. मी तुझ्या जागी असते तर नाचले असते आणि आरतीच्या वेळी बाजूला शांत उभी राहिले असते, चपला काढून. तुझ्या युवा गटात नुकती श्रद्धेकडे वळलेली, यावरून गोंधळणारी कुणी धाकटी मुलगी असेल तर फोटो टाकण्याआधी तिच्याशी बोलून घे. आणि फादरना विचारायचंच असेल तर आत्ता, निवांत असताना, समोर बसून विचार. नवरात्राच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर आलेल्या प्रश्नाला कुठलेही फादर 'नको' असंच उत्तर देतात.